खोगीर कोणाच्या मापाचे? स्वाराच्या की घोड्याच्या?

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखून घेतला जातो, त्याचे खोगीर मात्र अंदाजाने. या अंदाजाची किंमत अखेर घोड्याची पाठ मोजते.

खास प्रतिनिधी
नंदुरबार

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजेच दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते. तापीच्या काठावर भरणाऱ्या या यात्रेतील घोडेबाजाराला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा असल्याचे सांगितले जाते. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी येथे जनावरे घेऊन येतात. मारवाडी, काठियावाडी, सिंधी, पंजाबी, पांढराशुभ्र नुकरा असे नाना जातींचे घोडे एकाच मैदानात पाहावयास मिळतात. 'चेतक फेस्टिव्हल' या नावाने पर्यटनाची जोड मिळाल्यापासून मुंबई, पुणे, नाशिक, सुरत येथील हौशी मंडळींचे पायही या बाजाराकडे वळू लागले आहेत.

येथे घोडा घेणारा गिऱ्हाईक सहसा कच्चा नसतो. तो दात पाहून वय ठरवितो, टेपने उंची मोजून ती इंचांत सांगतो, कानांची टोके एकमेकांना भिडतात की नाही हे न्याहाळतो, रवाल चाल काढून दाखविण्याचा आग्रह धरतो. अंगावरील भोवरे मोजले जातात. गळ्यावरचा 'देवमण' शुभ म्हणून त्याची किंमत वाढते, तर एखादा भोवरा अशुभ ठरला की सौदा मोडतो. एवढी पारख झाल्यावर पैसे हाती पडतात आणि घोडा नव्या धन्याच्या ताब्यात येतो. नंतर धनी साजाच्या दुकानाकडे वळतो आणि जे खोगीर डोळ्यांत भरेल ते उचलतो. लाखांचा घोडा पारखायला दोन दिवस आणि त्याच्या पाठीवर वर्षानुवर्षे राहणारे खोगीर निवडायला दहा मिनिटे, असा हा उफराटा हिशेब आहे. तो कसा चुकतो आणि कसा सुधारता येतो, हे समजून घेणे घोडा बाळगणाऱ्याइतकेच, सुटीत मुलांना घोडेस्वारीच्या वर्गाला पाठविणाऱ्या पालकांनाही उपयोगाचे आहे.

पाठीवरचे ओझे नेमके कोठे पडते?

घोड्याची पाठ ओझे वाहण्यासाठी बनलेली आहे, असा सर्वसाधारण समज आहे. शरीररचना मात्र वेगळेच सांगते. घोड्याच्या पाठीच्या वक्षभागात १८ मणके असतात आणि तितक्याच बरगड्यांच्या जोड्या. या मणक्यांवरून हाडांचे सुळके वर आलेले असतात. मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मध्ये हे सुळके सर्वांत उंच असतात, त्यामुळे तेथे एक स्पष्ट उंचवटा दिसतो. या कण्यावर थेट भार पडणे घोड्याला सोसवत नाही. भार पेलायचा असतो तो कण्याच्या दोन्ही बाजूंनी धावणाऱ्या लांब, जाड स्नायूंनी आणि त्याखालच्या बरगड्यांनी.

खोगिराचे खरे काम येथेच आहे. स्वाराला बसायला गादी देणे हे त्याचे दुय्यम काम. स्वाराचे वजन कण्यावरून दूर करून दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर शक्य तितक्या मोठ्या क्षेत्रात सारखे पसरविणे, हे पहिले. त्यासाठी खोगिराच्या पोटात लाकडाचा किंवा अलीकडे फायबरचा सांगाडा असतो. सांगाड्याखाली दोन लांबट गाद्या असतात आणि त्यांच्यामध्ये कण्यासाठी मोकळी नाळ सोडलेली असते. सांगाडा घोड्याच्या पाठीच्या आकाराशी जुळला, तर वजन पसरते. तो जुळला नाही, तर तेच वजन चार-दोन ठिकाणी एकवटते.

वजन एकवटले की काय होते, हे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची शुश्रूषा केलेल्यांना सांगावयास नको. एकाच जागी सतत दाब पडल्याने कातडीखालच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा तुटतो आणि आतील मांस मरू लागते. वरून कातडी धड दिसते. जखम उघडी पडते तेव्हा आतले नुकसान केव्हाच झालेले असते. घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसतात, ते बहुधा अशाच जुन्या दाबाचे चिन्ह असते. कातडीतील रंगपेशी दाबाने नष्ट झाल्यावर तेथे पुन्हा उगवणारे केस पांढरे येतात. बाजारात भोवरे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाने हे ठिपकेही मोजावेत. घोड्याला आजवर कसे वागविले गेले, याचा तो विश्वासार्ह दाखला असतो.

एका खोगिराची दोन मापे

दुकानात खोगिराचे माप विचारले की उत्तर इंचांत मिळते: सोळा, सतरा, साडेसतरा. हे माप बैठकीचे, म्हणजे स्वाराचे असते. इंग्रजी पद्धतीच्या खोगिरात ते पुढच्या बाजूच्या खिळ्यापासून मागच्या उंच कडेच्या मध्यापर्यंत मोजतात. लहान मुलांना साधारण १५ ते १६ इंच, सडपातळ प्रौढांना १६ ते १७, मध्यम बांध्याच्या प्रौढांना १७ ते साडेसतरा आणि उंच वा स्थूल व्यक्तींना १८ इंच किंवा अधिक, असा ठोकताळा आहे. स्वाराच्या मांडीची लांबी हा येथे मुख्य निकष असतो. नीट बसल्यावर पाठीमागे सुमारे चार बोटे जागा उरली, तर बैठक योग्य समजावी. अमेरिकी काऊबॉय पद्धतीच्या खोगिरांची मोजणी निराळी असल्याने त्यांचा आकडा याच स्वाराला साधारण दोन इंच कमी येतो. दोन्ही पद्धतींच्या आकड्यांची गल्लत करू नये.

दुसरे माप घोड्याचे. ते बैठकीच्या आकड्यात दिसत नाही. सांगाड्याची रुंदी आणि कोन, नाळेची रुंदी आणि गाद्यांची लांबी, या गोष्टींनी ते ठरते. अरुंद, मध्यम, रुंद असे शिक्के खोगिरांवर असतात, पण त्यांना सर्वमान्य प्रमाण नाही. एका कारागिराचे 'मध्यम' दुसऱ्याचे 'रुंद' असू शकते. म्हणून शिक्क्यावर न विसंबता खोगीर प्रत्यक्ष त्या घोड्याच्या पाठीवर ठेवून पाहणे, हाच मार्ग उरतो.

या दोन मापांचा मेळ घालताना एक पेच उभा राहतो. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचा खांद्याकडील उंचवटा बहुधा ठळक असतो आणि अंगाने ते सडसडीत असतात. अशा पाठीवर रुंद सांगाड्याचे खोगीर पुढून खाली बसते आणि उंचवट्यावरच टेकते. उलट दख्खनचे भीमथडी तट्टू किंवा डोंगरी टट्टू बुटके, गोलसर पोटाचे असते आणि त्याचा उंचवटा जेमतेम असतो. त्याच्या पाठीवर अरुंद खोगीर चिमट्यासारखे रुतते आणि तरीही बाजूला घसरते. अशा जनावराचे खोगीर उतारावर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून दुमची घेण्याची जुनी रीत आहे. सातपुड्याच्या घाटवाटांवर तिचे महत्त्व सपाटीवरच्या माणसाला पटकन कळणार नाही.

स्वार धिप्पाड आणि घोडा आखूड पाठीचा असेल, तर १८ इंची बैठकीच्या गाद्या शेवटच्या बरगडीच्या मागे जातात. तेथून पुढे कंबरेचा भाग सुरू होतो. त्याला खालून बरगड्यांचा आधार नसतो. अशा वेळी स्वाराने बैठक लहान घेऊन अवघडून बसणे हा उपाय नव्हे. तो घोडा त्या स्वाराचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पाठ मोजण्याची रीत

घोड्याचे माप घेण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. एक खडू, वाकविल्यावर आकार धरून ठेवणारी हातभर जाड तार आणि पुठ्ठा एवढे साहित्य पुरते.

घोड्याला सपाट जमिनीवर चारही पायांवर सारखा उभा करावा आणि मान सरळ ठेवावी. हाताने चाचपून खांद्याच्या पात्याची मागची कड शोधावी आणि तिच्यामागे दोन ते तीन बोटांवर खडूने खूण करावी. खोगिराचा सांगाडा या खुणेच्या पुढे येता कामा नये. घोडा पाऊल पुढे टाकतो तेव्हा पात्याचे वरचे टोक मागे सरकते. सांगाडा त्याच्या वाटेत असेल तर प्रत्येक पावलाला हाडावर लाकूड आदळते. त्यानंतर शेवटची बरगडी शोधून तिच्या वळणाने बोट वर पाठीपर्यंत न्यावे आणि दुसरी खूण करावी. ही मागची हद्द. या दोन खुणांमधील अंतर म्हणजे त्या घोड्याने खोगिरासाठी दिलेली जागा.

आता तार पहिल्या खुणेवर पाठीवरून आडवी टाकून दोन्ही बाजूंना दाबून बसवावी, अलगद उचलून पुठ्ठ्यावर ठेवावी आणि आतल्या कडेने रेघ ओढावी. असेच पाठीच्या मध्यावर आणि मागच्या खुणेजवळही करावे. तीन कमानी मिळतात. पहिल्या कमानीच्या आकारात पुठ्ठा कापून घेतला, तर तो खोगिराच्या पुढच्या कमानीखाली धरून सांगाडा अरुंद आहे की रुंद, हे दुकानातच पडताळता येते. घोडा घरी आणि दुकान शंभर मैलांवर, अशा स्थितीत हा पुठ्ठाच घोड्याची वकिली करतो.

पाठीवर ठेवून घ्यावयाची परीक्षा

खोगीर प्रथम नमद्याशिवाय उघड्या पाठीवर ठेवावे. ते किंचित पुढे टेकवून मागे सरकवावे. योग्य जागी ते आपोआप अडते. मग पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, उंचवट्यावरील मोकळीक. खोगिराची पुढची कमान आणि घोड्याचा उंचवटा यांच्यात दोन ते तीन बोटे सहज जावीत. स्वार बसल्यावरही ही जागा पूर्ण मिटता कामा नये.

दुसरी, नाळ. मागे उभे राहून पाहिल्यास नाळेतून पुढचा उजेड दिसावा. तिची रुंदी पुढून मागेपर्यंत तीन ते चार बोटे असावी. नाळ मध्येच अरुंद होत असेल, तर गाद्या कण्यावर चढतात.

तिसरी, गाद्यांचा स्पर्श. गादीखाली हात घालून पुढून मागे फिरवावा. दाब सर्वत्र सारखा लागला पाहिजे. पुढे-मागे घट्ट आणि मध्ये पोकळ लागले, तर खोगीर पुलासारखे दोन टोकांवर उभे आहे. मध्येच टेकून पुढे-मागे डुलत असेल, तर सगळा भार एका जागी पडणार आहे. दोन्ही खोगिरे टाकाऊ.

चौथी, समतोल. बाजूने पाहता बैठकीचा सर्वांत खोल भाग मधोमध यावा. तो मागे गेला तर स्वार कंबरेवर रेलतो. पुढे गेला तर खांद्यांवर.

या चारही कसोट्यांना उतरल्यावर तंग आवळून स्वाराला बसवावे आणि अर्धा तास घोडा चालवून खोगीर उतरवावे. घामाने भिजलेल्या पाठीवरचा ओला ठसा दोन्ही बाजूंना सारखा असेल तर उत्तम. ओल्या ठशात मध्येच कोरडा डाग दिसला, तर तेथे दाब इतका होता की घर्मग्रंथींना काम करता आले नसावे, अशी शंका घ्यावी. कण्यावरील नाळेचा पट्टा कोरडा राहणे मात्र योग्यच.

खोगीरभरतीने काम भागत नाही

न बसणाऱ्या खोगिरावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे खाली आणखी एक नमदा, घोंगडी किंवा चादरीची घडी घालणे. मराठीत 'खोगीरभरती' हा शब्द निरुपयोगी भरण्याच्या अर्थाने रूढ झाला, तो खोगिराच्या पोटात चिंध्याचांध्या कोंबण्याच्या प्रथेवरून. भाषेने दिलेला हा इशारा पागेतही लागू पडतो. अरुंद खोगिराखाली जाड नमदा घालणे म्हणजे चावणाऱ्या बुटात जाड मोजे घालण्यासारखे आहे. जागा आधीच कमी आणि त्यात भर घातल्याने दाब वाढतोच. खोगीर किंचित रुंद असेल, तर योग्य जागी घडी देऊन तात्पुरते निभावते. अरुंद खोगिराला मात्र हा उतारा नाही.

आपल्याकडे हे शास्त्र नवे नाही. ज्यांच्या नावातच 'जीन' आहे, ते जिनगर पिढ्यान् पिढ्या हेच काम करीत आले. मराठ्यांच्या घोडदळात सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार, अशी विभागणी होती. शिलेदाराची सारी मिळकतच घोड्याच्या पाठीवर असे. ती पाठ गेली की चाकरी गेली. ब्रिटिश लष्करातील पशुवैद्यक फ्रेडरिक स्मिथ यांनीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खोगीर आणि पाठीच्या जखमा या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, कारण मोहिमेवर शत्रूइतकेच नुकसान ही जखम करीत असे. घोडदळे इतिहासजमा झाली, तशी घोड्याची पाठ पाहून खोगीर बेतणारी माणसेही विरळ झाली. आज देशातील साजाचे मोठे केंद्र कानपूर आहे. तेथील बराचसा माल परदेशी घोड्यांच्या बांध्यावर बेतून निर्यातीसाठी तयार होतो. तो भारतीय जातींच्या पाठीवर जसाच्या तसा बसेलच, असे गृहीत धरता येत नाही.

वजनाचा हिशेब

खोगीर उत्तम बसले तरी ओझ्याला मर्यादा आहेच. अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन पाहिला. २५ टक्क्यांपासून हृदयाच्या ठोक्यांत आणि स्नायूंच्या दुखऱ्या ताणात फरक दिसू लागला. त्यामुळे स्वार आणि साज मिळून घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून अधिक भार नसावा, हा संकेत सामान्यतः पाळला जातो. ३५० किलो वजनाच्या घोड्यावर साजासह ७० किलो, असा त्याचा अर्थ. म्हणजे आठ किलोचे खोगीर असेल, तर स्वार ६२ किलोपर्यंतचा हवा. लग्नाच्या वरातीत आणि थंड हवेच्या ठिकाणी हा हिशेब किती वेळा मोडला जातो, हे वाचकांनी स्वतःच आठवावे.

वयाचाही विचार हवा. घोड्याच्या पायांची हाडे आधी पक्की होतात, कण्याची वाढ मात्र पाच-सहा वर्षांपर्यंत चालू राहते. बाजारात घेतलेल्या तीन वर्षांच्या शिंगरावर आज बसविलेले खोगीर पुढच्या वर्षी त्याला बसेलच असे नाही. खुराक, ऋतू, व्यायाम, घोडी गाभण असणे, अशा कारणांनीही पाठीचा आकार बदलतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी तारेचे माप पुन्हा घेऊन जुन्या पुठ्ठ्याशी ताडून पाहणे शहाणपणाचे.

'खोड' की दुखणे?

खोगीर दिसताच कान मागे टाकणे, तंग आवळताना वळून चावणे, स्वार बसताच पाठ खाली दाबणे, उतार उतरण्यास नकार देणे, आखूड पावले टाकणे, उसळणे. बाजाराच्या भाषेत या साऱ्याला 'खोड' म्हणतात आणि खोडीचा घोडा चाबकाने सुधारतो, असा समज आहे. यातील प्रत्येक लक्षण पाठदुखीचेही असू शकते. घोड्याला बोलता येत नाही, त्यामुळे तो जे करून दाखवितो त्यालाच त्याची तक्रार समजावे लागते. ती तक्रार न समजल्यास आधी मार बसतो, मग दावण बदलते. दरवेळी घोडा कमी किमतीला विकला जातो आणि दरवेळी नव्या धन्याचे न बसणारे खोगीर त्याच्या पाठीवर चढते. पशुवैद्यकाकडून पाठ तपासून घेतल्याखेरीज कोणत्याही घोड्याला खोडकर ठरवू नये.

कायद्याची बाजूही लक्षात असू द्यावी. प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार जखम, व्रण किंवा अशक्तपणा यांमुळे कामास अयोग्य असलेल्या जनावराला कामास जुंपणे हा गुन्हा आहे. पाठीवर जखम असलेल्या घोड्यावर खोगीर चढविणे यातच मोडते, मग तो स्पर्धेचा घोडा असो वा पर्यटकांना फिरविणारा. भाड्याने घोडा घेणाऱ्या पर्यटकाला खोगीर क्षणभर उचलून पाठ दाखविण्याची विनंती करता येते. ती नाकारली गेली, तर पायी फिरणे बरे.

खरेदीपूर्वी हे लक्षात ठेवा

- आधी घोडा, नंतर खोगीर. घोड्याचे तारेचे माप घेतल्याशिवाय खोगिराचा सौदा करू नये.
- बैठकीचा आकडा स्वारासाठी, सांगाड्याची रुंदी घोड्यासाठी. दोन्ही स्वतंत्रपणे तपासावीत.
- जुने खोगीर घेताना पुढची आणि मागची कड दोन हातांत धरून दाबावी. करकर आवाज आला किंवा मध्ये लवले, तर सांगाडा मोडलेला असू शकतो. असे खोगीर फुकटही घेऊ नये.
- खोगीर उलटे करून गाद्या पाहाव्यात. एक जाड, एक चपटी असल्यास भरणी नव्याने करून घ्यावी.
- तंग आवळल्यावर त्याखाली दोन बोटे जावीत. सैल बसणारे खोगीर तंग आवळून जागेवर धरू नये.
- रिकिबीवर लटकून चढण्याऐवजी ओट्याचा किंवा पायरीचा आधार घ्यावा. रोज एकाच बाजूने ओढ बसल्यास सांगाडाही पिळतो आणि पाठही.
- दोन घोडे असतील तर एकच खोगीर दोघांना चालेल, हे गृहीत धरू नये.

सारंगखेड्यात घोड्याच्या किमतीवरून घासाघीस करण्यात गिऱ्हाईक दिवस घालवितो. त्यातला एक तास त्याच्या पाठीसाठी राखून ठेवला, तर पुढील पंधरा वर्षे तो घोडा त्याची परतफेड करीत राहील.